एकाच मस्तकावर दोन बाप्तिस्मे

रेव्हरंड शांतवन हिवाळे यांचा आणि माझा प्रथम परिचय विचारविनिमयातून नव्हे, तर पादत्राणविनिमयातून झाला. आमच्या मंडळीचे पाळक म्हणून ते रुजू झाले त्या पहिल्याच रविवारी, उपासना आटोपताच, चर्चच्या पायरीवरील माझ्या नूतन कोल्हापुरी वहाणा धारण करून ते प्रस्थान करते झाले. दुपारी त्या परत करण्यासाठी ते छावणीतून आमच्या घरापर्यंत पायी आले. त्यांनी क्षमायाचना केली, चहा घेतला, माझ्या वडिलांशी तासभर संभाषण केले आणि निघताना पुन्हा माझ्याच वहाणा घालून गेले. त्या तासाभरात मात्र वडिलांना जिना चढताना छातीत दडपल्यासारखे होते, हे घरातील एकाही व्यक्तीला ठाऊक नसलेले वृत्त त्यांनी वडिलांकडून काढून घेतले होते. या गृहस्थांचे लक्ष कोठे असते आणि कोठे नसते, हे मला त्याच दिवशी उमगले. वहाणांची आशा मी सोडली. गृहस्थांना सोडले नाही.

आज पाळकसाहेब षष्ट्यब्दिपूर्ती करीत आहेत आणि या गौरवग्रंथासाठी संपादक मंडळाने मजकडून ‘सुबोध’ लेख मागविला आहे. मी महाविद्यालयात संस्कृत शिकवितो. सुबोध या शब्दाची व्युत्पत्ती मी सांगू शकतो, त्यापुढील हमी देऊ शकत नाही. पाळकसाहेबांना माझी ही व्याधी पूर्वीपासून ज्ञात आहे. मी मंडळीचा पंच झालो त्या वर्षी पंचांच्या सभेत मी ‘जलसंस्कार आणि आत्माभिषेक : एक तौलनिक मीमांसा’ या विषयावर प्रबंध वाचला. अन्य पंच एकामागून एक फोन घेण्यास बाहेर गेले. पाळकसाहेबांनी अखेरपर्यंत ऐकले आणि म्हणाले, “शास्त्रीबुवा, फार सुंदर. आता हेच सारजाआत्यांना सांगून दाखवा.”

सारजाआत्या म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भगिनी. वय नव्वदीच्या आसपास, वास्तव्य आमच्याच घरी. मी त्यांना प्रबंध सांगू लागलो. उपोद्घात संपण्यापूर्वीच त्या निद्राधीन झाल्या. याच आत्यांनी पुढे आमच्या समस्त कुटुंबाची निद्रा हरण केली, ती कथा यथाक्रम येईलच.

पाळकसाहेबांच्या कार्याविषयी बोलायचे तर प्रथम त्यांच्या न्यूनांची नोंद करणे न्यायाचे ठरेल, म्हणजे स्तुतीला भारदस्तपणा येतो. ते गातात तेव्हा पेटीवादक हताश होतो. त्यांचे प्रवचन ‘शेवटी एवढेच सांगतो’ या वाक्यानंतर खऱ्या अर्थाने आरंभ पावते. परंतु बाप्तिस्म्याच्या बाबतीत त्यांच्याइतका दक्ष पाळक मी पाहिलेला नाही. पाणी शिंपडावे की माणसाला पाण्यात बुडवावे, हा वाद आमच्या मंडळीत अधूनमधून उफाळतो. ज्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी आले तरी लोक परस्परांचे अभिनंदन करतात, तेथे हा वाद वस्तुतः विलासाचा आहे. एका उत्साही तरुणाने “बुडवल्याशिवाय खरा बाप्तिस्माच नाही” असे सुनावले, तेव्हा पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, “बुडवायला माझी ना नाही, बाळा. पण माणूस आतून कोरडाच राहणार असेल, तर सगळं जायकवाडी आणलं तरी पुरायचं नाही.”

प्रौढ उमेदवार बाप्तिस्मा मागावयास आला म्हणजे पाळकसाहेब त्याच्या पाठांतराची परीक्षा फारशी घेत नाहीत. ते एकच प्रश्न विचारतात : “तुझं बोलणं कोणाशी बंद आहे?” उमेदवार एखादे नाव सांगतो. पाळकसाहेब मग त्या नावाच्या घरी जाऊन चहा घेतात. बिडकीनचा एक कामगार तरुण सर्व प्रश्नोत्तरे मुखोद्गत करून आला होता; त्याचे चुलतभावाशी बांधावरून वितुष्ट होते. पाळकसाहेब चुलतभावाकडे इतक्या वेळा चहाला गेले, की अखेर तो भाऊच वैतागून उमेदवाराकडे आला आणि म्हणाला, “बाबा, तुझं काय असंल ते मिटव, पन ह्या सायबाला आवर. आमच्याकडची साखर संपली.” त्या तरुणाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तो भाऊ पहिल्या बाकावर होता. मी पंच या नात्याने आक्षेप घेतला होता, की ही पद्धती कोणत्याही नियमावलीत नाही. पाळकसाहेब म्हणाले, “पाणी मी देतो, शास्त्रीबुवा. आत्मा देणारा मी नव्हे. तो येऊन गेल्याच्या काही खुणा दिसतात का, तेवढं बघून येतो.”

आता आत्यांची कथा.

माझे वडील, पौलससर, शाळेचे निवृत्त पर्यवेक्षक. घंटा, शिस्त आणि लाल शाई या त्रयीवर त्यांचे जीवन उभे आहे. पेत्रसकाका हे त्यांचे जुळे बंधू, निवृत्त बसचालक. चेहऱ्याने दोघे इतके समान, की काकांच्या बसमधील प्रवासी वडिलांना रस्त्यात थांबवून गाडी का चुकली ते विचारीत. स्वभावाने मात्र एक व्याकरण, दुसरे विनोद. गतवर्षी माझ्या भाचीच्या बाळाचा बाप्तिस्मा झाला आणि आमच्या घरी भोजन होते. पाळकसाहेब पंक्तीत होते. आत्यांनी बाळाला मांडीवर घेतले आणि कौतुक आरंभिले.

“लेकरू लई गुणाचं हाय. रडलं नाय. न्हायतर ह्या दोघांच्या टायमाला! एक निस्ता बोंबलत व्हता.”

“मग पाद्रीसाहेबांनी कसं केलं?” पाळकसाहेबांनी सहज विचारले.

“त्ये काय करत्यात? डोळं मिटून उबे. आय तापानं घरी पडल्याली, दोघांना सांबाळाया मीच व्हते. गप व्हता त्यो आदी दिला. पानी झालं, नाव झालं. मंग म्हनले, दुसरा आना. दुसरा तर आरडून आरडून निळा झाल्याला. आसलं लेकरू सायबाच्या हातात कसं द्यावं? म्हनून गप व्हता त्योच फिरून दिला.”

पंक्तीत घास हातातच राहिले.

“म्हंजे एकालाच दोनदा?” पेत्रसकाकांनी विचारले.

“व्हय.”

“आन् दुसऱ्याला?”

“त्याला घरी आनून दूध पाजलं.”

“आक्का,” वडिलांचा स्वर क्षीण झाला होता, “गप होता तो कोण? मी का हा?”

“आता मला काय ठावं? दोघं येका साच्यातलं. वळखू यावं म्हनून काळा दोरा तर घरी आल्यावर बांदला. तवा जो हाताला लागला त्यो पेत्रस, उरला त्यो पौलस.” एवढे बोलून आत्यांनी वरणाची वाटी पुढे सरकवली. त्यांच्या लेखी ही एक मजेदार आठवण होती आणि ती त्यांनी यथास्थित सांगितली होती.

काका गडगडाट करून हसले. वडील हसले नाहीत. लहानपणी ‘रडका’ म्हणून ते घरात सर्वमान्य होते. त्यामुळे कोरडा राहिलेला जीव आपलाच, असा निर्णय त्यांनी तत्क्षणी दिला आणि तो लाल शाईत दिला. पुढच्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला फिरू लागला, तेव्हा त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान हलविली. ज्या मनुष्याने पंच म्हणून आयुष्यभर इतरांच्या हाती तो प्याला दिला, तो मनुष्य परक्यासारखा बसून राहिला. मी शेजारी होतो. मजजवळ समर्पक शब्द असंख्य होते. त्यांतील एकही उच्चारता आला नाही.

हे एवढ्यावर थांबले असते तर आम्ही त्यास वार्धक्याचा हट्ट म्हणून सोडून दिले असते. परंतु वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती. डॉक्टर लांबणीवर टाकू नका असे सांगत होते आणि वडील संमती देईनात. “असा मी त्या टेबलावर झोपणार नाही,” ते म्हणाले. “उठलो नाही तर कोण म्हणून त्याच्यापुढं उभा राहू?”

मी पाळकसाहेबांना बोलाविले. ते आले. पेत्रसकाकाही आले होते.

“सर,” पाळकसाहेब म्हणाले, “वधस्तंभावर येशूच्या शेजारी जो चोर होता, त्याच्यावर कोणी पाणी घातलं होतं?”

“त्याला वेळ नव्हता. मला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षं होती.”

“पाणी माणसाच्या हातानं पडतं, सर, म्हणून ते चुकू शकतं. तुमच्या आक्कांच्या हातून चुकलं. आत्मा कोणाच्या हातात नसतो. तो लेकरांच्या गर्दीत गोंधळत नाही. इतकी वर्षं तुम्ही प्रार्थना केली, चुकलात तेव्हा रडलात, परत उठलात. हे तुम्ही एकट्याच्या बळावर केलं असं वाटतं का तुम्हाला?”

“मग पाणी कशाला पाहिजे?” वडिलांमधील पर्यवेक्षक जागा झाला. “आत्म्यानं भागतं तर सगळ्यांचंच बंद करा.”

“लग्न मनानं लागतं. तरी चार माणसांत उभं राहावं लागतं ना? जुना माणूस मेला, पुरला गेला, ख्रिस्ताबरोबर नवा उठला, हे आत घडतं. ते घडलं असं मंडळीसमोर अंगावर घ्यायचं, ते पाणी. आतलं बाहेर आणायचं असतं.”

“तेच मला पाहिजे. चार माणसांत.”

तेथे पेच होता. आमच्या श्रद्धेनुसार बाप्तिस्मा एकदाच होतो. झालेला पुन्हा देता येत नाही. वडिलांचा झाला होता की नव्हता, हे या भूतलावर कोणासही ठाऊक नव्हते.

काकांनी तोडगा मांडला. “पाळकसायेब, माझ्याकडं एक जास्तीचा आसंल तर त्यातला काढून ह्याला द्या की. माझी काय तक्रार नाय. घरातल्या घरात ऱ्हाईल.”

“पेत्रस, गप बस,” वडील म्हणाले.

“गप बसलो म्हनूनच तर दोन भेटले मला!”

पाळकसाहेब पोट धरून हसले, आणि मला स्पष्ट दिसले की वडिलांच्या ओठांची कड किंचित हलली. मग पाळकसाहेबांनी सांगितले, की अशा संशयासाठी जुन्या काळापासून एक मार्ग आहे : सशर्त बाप्तिस्मा. ‘आधी झाला नसेल तर’ असे म्हणून पाणी घालावयाचे. झाला असेल तर पहिलाच खरा, नसेल तर हा खरा. संस्कृतच्या अध्यापकास ‘सशर्त’ या विशेषणाने जो आनंद झाला तो अवर्णनीय होता. येत्या रविवारचे ठरले. त्यानंतर वडील संमतीपत्रावर स्वाक्षरी करणार होते.

शनिवारी सायंकाळी पाळकसाहेब तयारी पाहण्यास आले आणि विदित झाले, की पाणी नाही. नळाचा वार पुढे ढकलला गेला होता, चर्चची टाकी रिकामी होती, आमची टाकी तळ दाखवीत होती. संपूर्ण गल्लीत पाणी होते ते केवळ जाधवांकडे.

जाधव आमचे शेजारी. मूळचे फुलंब्रीचे, तिकडे शेती, इकडे सिमेंट-विटांचे दुकान. त्यांनी नळाला थेट मोटार बसविली होती आणि ती सुरू झाली म्हणजे आमच्या नळातून केवळ सुस्कारे येत. वडिलांनी महानगरपालिकेत अर्ज दिला. जाधवांनी मधली भिंत उंच केली. त्या दिवसापासून दोन्ही घरांचे संभाषण बंद होते. वडील दारात आले की जाधव आत जात आणि जाधव दारात आले की वडील खाकरत.

“मी दुकानातून पाण्याची बाटली आणतो,” मी सुचविले.

“बाटलीच्या पाण्यानंही होतो,” पाळकसाहेब म्हणाले. “पण शेजारी टाकी भरलेली असताना बाटली?”

“त्या माणसाचं पाणी?” वडील उसळले. “ते पाणी आमचंच आहे! आमच्या नळातून ओढलेलं!”

“मग तर फारच सोपं आहे, सर. स्वतःचंच मागायचंय.”

“मी मागणार नाही.”

पाळकसाहेबांनी खुर्ची वडिलांच्या जवळ ओढली. “सर, उद्या मी पाणी घालणार, ते कुठलंही असो. शब्द दिलाय. पण भिंतीपलीकडच्या माणसाकडं तुम्हाला तांब्याभर पाणी मागवत नाही. मग आत्मा कसा मागणार? तोही मागावाच लागतो. मोटार लावून ओढता येत नाही.”

वडील उठले. त्यांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली, आणि ते बाहेर पडले. मी मागोमाग गेलो. जाधव फाटकाशीच उभे होते.

“या, सर. काय, दुसरा अर्ज घेऊन आले का?”

“नाही. तांब्याभर पाणी पाहिजे.”

“प्यायला?”

“बाप्तिस्म्याला.”

“कोन्या लेकराचा हाय?”

“माझा.”

जाधवांनी वडिलांकडे आपादमस्तक पाहिले. “सर, तुमी तर जन्मापासूनचे ख्रिश्चन ना?”

“तेच तर नक्की होत नाही.” वडिलांनी टोपी काढून हातात घेतली. “आणि आणखी एक. अर्जात मी मोटारीचं लिहिलं ते बरोबर होतं. पण खाली ‘चोर’ लिहिलं. ते लिहायला नको होतं. त्याची मी माफी मागतो. मोटारीची नाही.”

माझ्या पिताश्रींनी कोणाची माफी मागितल्याचे दृश्य मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. आणि माफीतही त्यांनी पोटकलमे केली, याचा मला आजही अभिमान वाटतो. जाधव फाटकाच्या कडीशी चाळा करीत राहिले. मग घराकडे तोंड करून ओरडले, “अगं, त्यो पूजेचा तांब्याचा कलश घे घासून! सरांना पानी द्यायचंय.”

जाधववहिनी लखलखीत कलश भरून घेऊन आल्या. “सर, यात तुळस टाकू का? का हळदकुंकू?”

“नको, वहिनी. साधंच चालतं.”

“मोटार काढतो असं म्हनत नाय मी,” जाधव म्हणाले. “पन तुमच्या टाकीत पाइप सोडतो. पोराबाळांचं घर हाय तुमचं. आन् उद्याचं आमाला बघायला चालतं का?”

दुसऱ्या दिवशी जाधव दांपत्य चर्चमध्ये आले. वडील पुढे उभे राहिले आणि त्यांना आधार देण्यास पेत्रसकाका मागे. पाळकसाहेबांनी कलश उचलला, दोन्ही बंधूंकडे पाहिले आणि भर उपासनेत म्हणाले, “पेत्रसकाका, तुम्ही चार पावलं मागं व्हा. पुन्हा घोटाळा नको.” मंडळी हसली. त्या हास्यातच त्यांनी ओंजळ भरली. “पौलस, तुझा बाप्तिस्मा याआधी झालेला नसेल, तर मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.”

पाणी कपाळावरून चष्म्यावर, चष्म्यावरून शर्टावर उतरले, आणि वडिलांना रडू कोसळले. आवरेनाच.

“बगा!” बाकावरून सारजाआत्यांचा आवाज आला. “रडका ह्योच व्हता!”

त्या रविवारी वडिलांनी भाकर घेतली, प्याला घेतला. सायंकाळी स्वाक्षरी केली. शस्त्रक्रियेच्या दिवशी पाळकसाहेब रुग्णालयात सकाळपासून बसून होते. शेजारी जाधव, दोघांमध्ये एक चहाचा थर्मास. वडिलांना आत नेताना पाळकसाहेबांनी विचारले, “सर, भीती वाटते का?”

“वाटते,” वडील म्हणाले. “टाक्यांची.”

वडील सुखरूप बाहेर आले. मला मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट छळते आहे. ‘आत्म्याचा बाप्तिस्मा’ या विषयावर मी पूर्वी जे जे लिहिले ते निर्दोष होते आणि त्यात एकही शेजारी नव्हता. वडिलांचा तो बाप्तिस्मा नेमका कधी झाला, असे मी एकदा पाळकसाहेबांना विचारले : तान्हेपणी बिडकीनजवळच्या त्यांच्या जन्मगावी, जाधवांच्या फाटकाशी, की रविवारी चर्चमध्ये? ते म्हणाले, “ते मला सांगता यायला लागलं ना, शास्त्रीबुवा, तर मला पाळकपणा सोडावा लागेल.” आणि ते हर्सूलकडे एका कुटुंबाच्या भेटीस निघून गेले, कारण तेथे सासू-सुनेचे बोलणे बंद होते.

अशा या सत्पुरुषास साठाव्या वर्षी कोणती शुभेच्छा द्यावी? आयुरारोग्यैश्वर्याची कामना करणारे समास मजजवळ विपुल आहेत आणि ते सर्व मी या ठिकाणी त्यांच्या चरणी अर्पण करतो. तथापि लेख पूर्ण करण्यापूर्वी तो मी वडिलांना वाचून दाखविला. त्यांनी दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि समास ऐकून मान हलविली.

“एवढं कशाला?” ते म्हणाले. “त्यांना सरळ लिही, तब्येत सांभाळा. माझी माती त्यांच्याच हातून झाली पाहिजे. आणि म्हणावं, मला आता काही घाई नाही.”